काचेच्या नळीतला निवेदक

अस्मा मॅडमनी पहिलं चित्र वर धरलं आणि दाजी म्हणाले, "कात्री."

आम्ही तिघं भिंतीला पाठ लावून बसलो होतो. मी, माझी बहीण शालन अक्का आणि चौगुले वस्ताद. कुणी हललं नाही. एखादा शब्द कधी कधी लागायचा, तसा लागला असेल असं वाटलं. मॅडमनी दुसरं चित्र धरलं. दाजींनी मान थोडी पुढं काढली, ओठ जुळवले. "कुलूप." तिसरं. "शिडी." चौथ्याला ते अडले. डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "कासव."

अक्कानं माझं मनगट धरलं. तिची नखं रुतत होती, पण हात सोडवून घ्यायचं मला सुचलं नाही. टोपली, छत्री, विहीर. मधे एक-दोन चुकली, पण दाजी थांबले नाहीत. घाटातून उतरणाऱ्या एसटीसारखे आले, अडखळत, कचकन वळत, पण आले. गड्डी संपली तेव्हा अस्मा मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला आणि त्या नुसत्या हसल्या. भाषा गेलेल्या माणसांना पुन्हा बोलायला शिकवणं हे त्यांचं काम. मूळच्या मिरजेच्या. तीन आठवड्यांपूर्वी हीच गड्डी दाखवली तेव्हा दाजींना दहातली दोनसुद्धा चित्रं सांगता आली नव्हती.

बाहेर आल्यावर अक्कानं गावाकडं फोन लावला आणि तिला बोलताच येईना. फोन मी घेतला. पलीकडून तिच्या सासूबाई विचारत होत्या, कोण गेलं? म्हटलं, कुणी गेलं नाही, कासव आलं. त्यांना वाटलं, मलाही डोक्याचं काहीतरी झालंय.

दाजी म्हणजे सर्जेराव मगदूम. साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी. पण त्यांना त्या नोकरीनं कुणी ओळखत नव्हतं. ते कुस्तीचे निवेदक होते. आमच्या भागात जत्रेचं मैदान असलं की दुपारपासून दिवस मावळेपर्यंत आखाड्याच्या कडेला माईक धरून उभा राहणारा एक माणूस लागतो. मातीत उतरणारा पैलवान कुठल्या गावचा, कुठल्या तालमीचा, त्याचा हुकमी डाव कोणता, हे तो कागद न बघता सांगतो. आणि डाव पडतो तेव्हा मागच्या रांगेतल्या, काही न दिसणाऱ्या माणसालाही तो दिसायला लावतो. मी कोल्हापूरच्या एका दैनिकात खेळाचं पान सांभाळायचो. कित्येकदा मैदानावर न जाता घरी बसून, फोनवर दाजींचं बोलणं ऐकून मी बातमी दिली आहे आणि तीत कधी चूक निघाली नाही.

त्यांच्या डोक्यात डाव्या बाजूला, कानाच्या मागं गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग रेडिएशन झालं, गाठ गेली. दाजी पुन्हा माईकवर उभे राहिले, एक हंगाम बोलले. पुढच्या हंगामात एका जत्रेत, मोठी जोड आखाड्यात उतरलेली असताना, त्यांना पैलवानाचं नाव आठवेना. "हा... हा आपला... तो," असं ते म्हणत राहिले. लोकांना आधी ती गंमत वाटली. मग हलगीवाल्यानं आपण होऊन हलगी वाजवायला घेतली आणि दाजींच्या हातातून कुणीतरी माईक काढून घेतला. तिथून शब्द गळतच गेले. हिवाळा संपेपर्यंत "हां", "अरे" आणि अक्काचं नाव एवढंच उरलं. अक्काचं नावही ते मला, वस्तादांना, शेजारच्या म्हशीलाही लावायचे.

पुण्यात डॉक्टर देवस्थळींनी नवीन स्कॅन लावून आम्हांला समजावलं. मेंदूच्या सर्जन. बोलताना एक शब्द जास्त नाही. त्या म्हणाल्या, गाठ परत आलेली नाही असं दिसतंय. गाठ जाळताना तिच्या शेजारचा भागही भाजला गेलाय. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या मेल्या, रक्त पोचेना, म्हणून तो भागही मरत चाललाय आणि त्याभोवती सूज आहे. सुजेवरच्या गोळ्यांनी दाजींची साखर वाढली होती, तोंड सुजून टोपलीएवढं झालं होतं. दुसरं एक इंजेक्शन असतं, पण दाजींच्या पायात पूर्वी रक्ताची गुठळी झाली होती, त्यामुळं ते देता येत नव्हतं. राहिले दोन रस्ते. एक, कवटी उघडून मेलेला भाग काढणं. तो बोलण्याच्या जागेला खेटून होता. काढताना जिवंत भागाला धक्का लागला तर जे परत येऊ शकलं असतं तेही कायमचं जाणार. दुसरा, ऑक्सिजनचं चेंबर.

"बंद नळीत दाब वाढवून शुद्ध ऑक्सिजन देतात," त्या म्हणाल्या. "तो रक्तात जास्त विरघळतो, जिथं रक्त कमी पोचतं तिथवर जातो. काहींना गुण येतो. काहींना नाही येत. याचा पक्का पुरावा आहे असं मी तुम्हांला सांगणार नाही."

सहा आठवडे चेंबर, मग स्कॅन आणि अस्मा मॅडमची परीक्षा, आणि मग निर्णय, असं ठरलं. सुधारणा नसेल तर ऑपरेशन. कारण नुसतं थांबून राहण्यातही धोका होता. सूज वाढली तर बोलण्याचा प्रश्नच उरणार नव्हता.

चेंबर पहिल्यांदा बघितलं तेव्हा वस्ताद म्हणाले, "ही तर पाणबुडी." जाड काचेसारख्या पारदर्शक नळीत एक माणूस आडवा मावेल एवढी जागा. बाहेर ऑपरेटर, कानाला बोलायचं यंत्र लावून. आतल्याचं बाहेर, बाहेरच्याचं आत ऐकू येतं. आत जाताना अंगावर फक्त सुती कपडे. अंगठी नाही, घड्याळ नाही, दंडातला काळा दोरा नाही. तेलाचा तर थेंबही नाही, कारण तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की पेट घ्यायला निमित्त पुरतं. हे ऑपरेटर सांगत असताना वस्ताद चुळबुळ करायला लागले. त्यांनी पहाटेच दाजींच्या टाळूवर गावाकडून आणलेलं तेल जिरवलं होतं. ते त्याच दिवशी गावाहून आले होते; पैलवानाच्या डोक्याला काही झालं आणि वस्तादानं तेल लावलं नाही असं त्यांच्या जन्मात घडलं नव्हतं. त्या दिवशी दाजींना नळीत घेतलंच नाही. साबणानं डोकं दोनदा धुऊन दुसऱ्या दिवशी या, असं सांगून परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी ऑपरेटर दाजींचे कान बघून थबकला. दाजी तरुणपणी लढायचे, तालमीत मोडलेले दोन्ही कान आक्रोडासारखे. विमान उतरताना दडे बसतात तसे इथंही बसतात, कानाचा काही त्रास आहे का, असं त्यानं विचारलं. वस्ताद म्हणाले, "त्याचे कान मीच मोडलेत. आतनं ठीक हायत." जांभई द्या, आवंढा गिळा, असं शिकवून दाजींना आत सरकवलं, झाकण बंद झालं. काचेतून ते आमच्याकडं बघत होते. अक्कानं हात काचेवर ठेवला तशी आतून त्यांनीही ठेवला. मग दाब चढायला लागला आणि ते जांभयांवर जांभया द्यायला लागले, इतक्या की बाहेर आम्हीही द्यायला लागलो.

रविवार सोडून रोज ते चालू झालं. मी शनिवार-रविवार जायचो, मधे जमेल तसं. अक्का आणि वस्ताद हॉस्पिटलजवळच्या एका खोलीत राहत होते. वस्ताद पंच्याहत्तरीचे, बायको गेलेली, मुलं मोठी. मी कितीदा म्हटलं, वस्ताद, तुम्ही जा गावाकडं. त्यांचं एकच उत्तर, पैलवान आखाड्यात असताना वस्ताद घरी जात नसतो.

आणि मग ती कात्री आली, कुलूप आलं, कासव आलं. त्या दिवसापासून आमच्या चालण्यात फरक पडला. अक्का चहावाल्याशी हसून बोलायला लागली. ऑपरेटर दाजींना "निवेदक" म्हणून हाक मारायला लागला. मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. गावातल्या मैदान कमिटीनं निरोप दिला की यंदा माईक कुणाला द्यायचा ते आम्ही अजून ठरवलेलं नाही, थांबलोय. दाजी घरात तसे गप्पच असत. जेवताना मीठ मागायचं तर बोट दाखवायचे. अक्काला ते खटकायचं, पण अस्मा मॅडम म्हणाल्या होत्या की परीक्षेत येतं ते रोजच्या बोलण्यात यायला वेळ लागतो. आम्ही तेवढं धरून ठेवलं.

सहा आठवडे भरले. स्कॅन झालं. डॉक्टर देवस्थळींच्या केबिनमध्ये आम्ही चौघं, डॉक्टर आणि अस्मा मॅडम. डॉक्टरांनी पडद्यावर दोन चित्रं शेजारी लावली. सूज थोडी कमी दिसत होती. मेलेला डाग होता तेवढाच होता.

"याचा अर्थ दोन्हीकडून लावता येईल," त्या म्हणाल्या. "गुरुवारची ऑपरेशनची वेळ मी धरून ठेवली आहे. सोडायची की नाही ते यांच्या बोलण्यावर ठरवू. अस्मा, माझ्यासमोर घे."

गड्डी निघाली. आणि दाजी सुटले. कात्री, कुलूप, शिडी, कासव. यावेळी अडखळणंही नाही. टोपली म्हणून झाल्यावर छत्रीला त्यांनी श्वाससुद्धा घेतला नाही. माझं काळीज मैदानातल्या हलगीसारखं वाजत होतं. वस्ताद खुर्चीच्या कडेला येऊन बसले होते, त्यांचे ओठ हलत होते. एकही चित्र चुकलं नाही. डॉक्टर देवस्थळींना मी पहिल्यांदा हसताना बघितलं.

"छान," त्या म्हणाल्या. "मग गुरुवार आपण सोडू या."

अक्कानं दोन्ही हात जोडले. एवढ्यात दाजींनी पंजा वर केला. थांबा, असा. त्यांचा चेहरा लाल झाला, गळ्याच्या शिरा वर आल्या. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"नु," ते म्हणाले. "नु... नुरा."

डॉक्टरांनी आमच्याकडं बघितलं. अक्का घाईघाईनं म्हणाली की दमलेत, चुकून आलंय, सकाळपासून खाल्लं नाही. दाजींनी मान हलवली. टेबलावरची चित्रांची गड्डी हातानं बाजूला सारली, वस्तादांकडं बोट केलं, मग स्वतःच्या छातीवर ठेवलं, आणि आता स्वच्छ म्हणाले, "नुरा."

अस्मा मॅडमचा चेहरा उतरला. त्या मिरजेच्या, त्यांना कळलं होतं. डॉक्टरांना कळलं नव्हतं, आणि ते सांगायची पाळी माझ्यावर आली.

नुरा म्हणजे आधीच ठरवलेली कुस्ती. कोण पडणार ते दोघांनी आतून ठरवायचं आणि लोकांसमोर खरी लढत असल्यासारखं झोंबायचं. मी हेही सांगितलं की एका मोठ्या मैदानात, शेवटची कुस्ती चालू असताना, दाजींनी माईकवर हाच शब्द उच्चारला होता. ही कुस्ती नुरा आहे, हिचं निवेदन मी करणार नाही, असं म्हणून माईक मातीवर ठेवला आणि खाली बसले. पुढं दोन हंगाम त्यांना कुणी बोलावलं नाही.

"म्हणजे ही परीक्षा ठरवलेली होती?" डॉक्टरांनी विचारलं. आवाज चढला नव्हता, त्यामुळं जास्त भीती वाटली.

वस्ताद उभे राहिले. लपवायचं त्यांच्या मनातही नव्हतं, उलट कुणी विचारेल याची ते वाटच बघत असावेत. त्यांनी सांगितलं ते असं. पहिल्या आठवड्यात अस्मा मॅडमनी दाजींना याच चित्रांचा सराव दिला तेव्हा वस्ताद खोलीत बसले होते. पन्नास वर्षांत कुठल्या मैदानात कितवी कुस्ती कुणाची झाली हे ज्यांना तोंडपाठ, त्यांना एक गड्डी लक्षात ठेवायला काय लागतं. बाहेरच्या दुकानातून लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक आणलं, चित्रं कापली, त्याच क्रमानं लावली. रोज सकाळी अक्का डबा करत असताना ते दाजींना बागेत घेऊन जात आणि घोटून घेत.

"मी काय ठरवलं न्हाई," वस्ताद म्हणाले. "मेहनत करून घेतली. आमच्यात पोराला एक डाव बसवायचा तर तोच शंभरदा करून घेत्यात. त्याला काय चोरी म्हणायची? कासव पुस्तकात नव्हतं, ते मी हातानं काढलं."

"वस्ताद," डॉक्टर म्हणाल्या, "यांना कासव येतंय की चौथा नंबर येतोय, हे मला आता कसं कळणार? हे खरं धरून मी यांना घरी पाठवलं असतं, आणि आत सूज वाढली असती तर?"

वस्तादांना हे कधी सुचलंच नव्हतं. पोरगं परीक्षेत पास व्हावं एवढंच त्यांनी बघितलं होतं. ही परीक्षा पास होण्यासाठी नव्हती, हे त्यांच्या आता ध्यानात आलं. ते खाली बसले. एवढा मोठा माणूस, पण खुर्ची त्यांना मोठी दिसायला लागली.

अक्का वस्तादांना काही बोलली नाही. ती दाजींकडं वळली. "सहा महिनं तोंडातनं शब्द निघंना," ती म्हणाली, "आणि निघाला तो ह्यो? घटकाभर गप बसला असता तर काय बिघडत होतं?"

दाजींनी बाजूला सारलेली गड्डी उचलून अस्मा मॅडमच्या हातात दिली.

त्यांनी ती पिसली आणि पुन्हा दाखवली. दाजींना काही आली, बरीच हुकली. पहिल्या दिवसापेक्षा निश्चित जास्त, पण त्यांतली आपली किती आणि घोटलेली किती, ते वेगळं करायला मार्ग नव्हता. मॅडमनी तसं सरळ सांगितलं. डॉक्टरांनी पडद्यावरच्या डागाकडं एकदा बघितलं.

"मग मी गुरुवार कायम ठेवते," त्या म्हणाल्या. "अंधारात थांबण्यापेक्षा ते बरं."

दाजींनी टेबलावर हात आपटला. चहाचा कप हलला. ते अस्मा मॅडमकडं बोट दाखवत म्हणाले, "निकाली." आणि पुन्हा, "निकाली."

"निकाल लागंपर्यंत लढवा म्हणतोय," वस्ताद खाली मान घालूनच बोलले. "अर्ध्यात सोडवू नका म्हणतोय, बाई."

अस्मा मॅडम डॉक्टरांकडं वळल्या. म्हणाल्या, "मॅडम, एक आहे माझ्याकडं. उपचार सुरू व्हायच्या आधी मी प्रत्येकाला त्याच्या कामातलं काहीतरी दाखवते आणि बोलायला सांगते. यांना मी एका कुस्तीची फिल्म दाखवली होती, आवाज बंद करून. वस्ताद तेव्हा आलेले नव्हते."

त्यांनी मोबाइलवर ते जुनं रेकॉर्डिंग लावलं. दाजींचाच आवाज. "हां... हां. अरे. ते... ते... शालन... हां." एवढंच, पुन्हा पुन्हा. अक्कानं तोंड फिरवलं.

"आज दुसरी दाखवते. माझ्या भावानं परवा पाठवली, मिरजेजवळच्या एका छोट्या मैदानातली. पोरं कोण ते मलाही माहीत नाही." डॉक्टरांनी मान हलवली आणि वस्तादांना सांगितलं की तोंड उघडायचं नाही, ओठही हलवायचे नाहीत. वस्तादांनी पंजा तोंडावर दाबून धरला.

मॅडमनी एका मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू केलं, दुसरा दाजींसमोर उभा ठेवला. तांबडी माती. लाल चड्डीतला एक पोरगा, निळ्या चड्डीतला एक. आवाज नाही. दाजी पुढं झुकले. काही क्षण नुसते बघत राहिले.

"सलामी," दाजी म्हणाले.

पोरांनी हातांत हात घेतले. "खडा... खडाखडी. खडाखडी चालू." लाल पोरगा वाकून पायात शिरला. "लाल... हात. हात नाही. पाय. नाही." त्यांनी मांडीवर मूठ मारली. "पट. पट काढला लालनं."

वस्तादांनी डोळे गच्च मिटले, मग उघडले. हात तोंडावरच.

"कब्जा," दाजी म्हणाले. "कब्जा घेतला. निळा खाली. लाल आता... आता..." पोरानं पकड बदलली. "घिस्सा. घिस्सा घालणार. घालतोय. निळा जड आहे, निळा उठत नाही... दम काढतोय. शाबास." आवाज बदलत चालला होता. पोटातून यायला लागला होता, शब्दाच्या शेवटाला जरा ओढलेला, मागच्या रांगेला ऐकू जाईल असा. डॉक्टर खुर्चीतून पुढं आल्या होत्या. निळ्या पोरानं अंग चोरलं, सरकला, वर आला. "सुटला. सुटला निळा. उभा राहिला. आता निळ्याचा... निळ्याचा छत्री... छत्री नाही. हात... मानेला. ढाक. ढाक लावली, ढाक..."

लाल पोरगा हवेत फिरला आणि मातीवर आदळला. पंचानं हात वर केला. माणसं आखाड्यात घुसली, निळ्याला कुणीतरी खांद्यावर घेतलं, फिल्म संपली.

वस्तादांचा पंजा तोंडावरून सुटला. "चितपट," ते म्हणाले. इतका वेळ कोंडलेलं होतं.

"नाही," दाजी म्हणाले.

"काय न्हाई?"

"खांदा... एक खांदा वर होता."

"पंचानं हात वर केला की, लेका."

"पंच मागं होता," दाजी म्हणाले. "त्याला काय दिसणार?"

वस्ताद तावातावानं म्हणाले की पन्नास वर्षं मी काय शेळ्या राखल्या काय, आणि फिल्म पुन्हा लावायला त्यांनी मोबाइल उचलला. दाजींनी मोबाइल त्यांच्या हातातून ओढून घेतला. त्यांना ती लावता येईना, बोट भलतीकडंच पडत होतं, तरी द्यायला तयार नव्हते. दोघांची डोकी त्या एवढ्याशा पडद्यावर एकमेकांना भिडली. वस्ताद, बघा, डावा, डावा खांदा. डावा न्हवं, उजवा म्हण. उजवा. तेच.

डॉक्टर देवस्थळी अक्काकडं वळल्या. "बरे झाले असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "शब्द चुकतायत, पुढंही चुकतील. पण सहा आठवड्यांपूर्वीचा माणूस हा नाही, आणि हे यांना कुणी शिकवलेलं नाही. गुरुवारी ऑपरेशन नाही. चेंबर चालू ठेवू, महिन्यानं पुन्हा स्कॅन करू. मधे डोकं दुखलं, उलटी झाली, तर रात्र असो की दिवस, लगेच यायचं."

अक्कानं होकार भरला. तिला तेवढंही धड जमलं नाही; तिनं मला पुढं केलं. मी सगळं पुन्हा विचारून घेतलं. आमचं बोलणं ज्याच्याविषयी चाललं होतं त्याचं आमच्याकडं लक्षच नव्हतं. बाहेर पुढचे पेशंट ताटकळले होते. परिचारिकेनं दार उघडून दोनदा बघितलं.

"अहो, ऐकलंत का," अक्का दाजींना म्हणाली, "डॉक्टर काय म्हणतात ते." दाजींनी तिच्याकडं न बघता हात हलवला, थांब म्हणून, आणि वस्तादांना म्हणाले, "तुमचे डोळे गेले, वस्ताद."

अक्का त्यांना उठवायला पुढं झाली. अस्मा मॅडमनी तिचा हात धरला.

"भांडू देत," त्या हळूच म्हणाल्या. "रेकॉर्डिंग चालू आहे."